क्रिक्लानच्या ओढ्यातलं जुनं पाणी : प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी, उमेओ

आजपासून नोंदी ठेवायच्या. मागच्या कामात सगळं डोक्यात ठेवलं आणि सहा महिन्यांनी एक गुणांक ०.०५ का घेतला होता ते मलाच आठवेना. रोज लिहिणार नाही. काही ठरलं, बिघडलं किंवा उमगलं की लिहायचं. मराठीत लिहिते आहे, कारण पुण्यात भूजलावर काम करणारे माझे दोघं-तिघं मित्र हे वाचणार आहेत आणि मलाही मराठीतच विचार करताना गोष्टी लवकर सुटतात.

जागा क्रिक्लान पाणलोट. उत्तर स्वीडनमध्ये, उमेओच्या वायव्येला, विन्देल्न गावाजवळ. क्षेत्र ६८ चौरस किलोमीटर, बहुतेक पाइन आणि स्प्रूसचं जंगल, मध्ये मध्ये दलदल. वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून ६०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांत पडतं तेवढंच. पण त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग बर्फ होऊन पडतो आणि पाच-साडेपाच महिने जागेवर बसून राहतो. एप्रिलअखेर ते मे या तीन-चार आठवड्यांत तो निघतो आणि ओढे फुगतात. इथले लोक त्याला वोरफ्लूद म्हणतात. मी वसंतपूर लिहीन.

मी दोनच छोटे ओढे घेतले आहेत. एकाचं पाणलोट १२ हेक्टर, सगळं जंगल. दुसऱ्याचं १८ हेक्टर, जवळपास निम्मी दलदल. दोन्ही शेजारी, दोन्हींवर पडणारा बर्फ तोच. पुढे दोन्ही एका ओढ्यात मिळतात.

प्रश्न साधा आहे. मे महिन्यात ओढ्यातून धो धो जाणारं पाणी म्हणजे याच हिवाळ्यातला वितळलेला बर्फ, की जमिनीत आधीपासून साठलेलं पाणी? आणि प्रवाहाचं मॉडेल हे ओळखू शकतं का?

१४ फेब्रुवारी

पुण्याच्या मंडळींसाठी पायाभूत गोष्ट एकदाच लिहून टाकते.

पाण्याचे सगळे रेणू एका वजनाचे नसतात. ऑक्सिजनच्या हजार अणूंत साधारण दोन अणू ऑक्सिजन-१८ चे, म्हणजे जड. हायड्रोजनच्या सहा-साडेसहा हजारांत एखादा ड्यूटेरियमचा. जड रेणू बाष्प व्हायला जड जातात आणि थेंब होऊन पडायला आधी पडतात. ढग थंडीकडे सरकत जातो तशी त्याच्यातली जड माणसं वाटेत उतरत जातात आणि उरलेली वाफ हलकी हलकी होत जाते. म्हणून इथला हिवाळ्यातला बर्फ हलका आणि जुलैचा पाऊस त्या मानाने जड.

मोजमाप व्हिएन्नाच्या प्रमाण सागरी पाण्याशी तुलना करून, दर हजारी फरकात. त्याला डेल्टा म्हणतात. समुद्र शून्य, त्याहून हलकं पाणी उणे. इथे ऑक्सिजन-१८ साठी ढोबळ चित्र असं: बर्फ उणे १७ किंवा त्याहून खाली, उन्हाळी पाऊस उणे १० च्या आसपास, भूजल दोन्हींच्या मध्ये, उणे १३ च्या जवळ. ड्यूटेरियम याच्या सोबतीने चालतो. हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये जगभरचे नमुने एका आलेखावर मांडले तेव्हा ते एका रेषेवर आले: ड्यूटेरियमचा डेल्टा म्हणजे ऑक्सिजनच्या डेल्टाची आठपट अधिक दहा. ही रेषा मला पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे.

निसर्गाने हिवाळ्याच्या पाण्याला आणि जमिनीतल्या पाण्याला वेगवेगळा रंग देऊन ठेवला आहे, आपण काहीच मिसळायचं नाही, फक्त ओढ्यातून बाटली भरायची. मला या विषयाची ओढ लागली ती एवढ्यासाठीच. कोकणात हा खेळ असा खेळता येत नाही. तिथे पाऊस चार महिन्यांचा, बर्फ नाहीच, आणि पावसाचा डेल्टा तापमानापेक्षा पाऊस किती जोराचा पडला यावर हलतो.

२७ फेब्रुवारी

पहिलं मॉडेल चाललं. एचबीव्ही घेतलं आहे. १९७० च्या दशकात स्वीडनच्या हवामान आणि जलविज्ञान संस्थेत स्टेन बेर्यस्ट्रम यांनी उभं केलेलं, आज जगभर वापरतात. आत काही गूढ नाही. तापमान एका उंबरठ्याच्या खाली असेल तर पडलेलं बर्फात जमा. वर असेल तर प्रत्येक अंशामागे दिवसाला दोन ते चार मिलिमीटर बर्फ वितळतो. वितळलेलं पाणी आधी बर्फातच थोडं धरून ठेवलं जातं, मग मातीत, मातीतून वरच्या टाकीत, तिथून खालच्या टाकीत, आणि टाक्यांना भोकं. (०.०५ हा वितळलेलं पाणी परत गोठून बर्फ होण्याचा गुणांक. तो एचबीव्हीत सहसा एवढाच ठेवतात. लिहून ठेवलं.)

मागच्या वर्षांच्या नोंदींवर प्रवाहाची रेघ मोजलेल्या रेघेवर सुरेख बसली. वसंतपुराचा शिखरदिवससुद्धा एका दिवसाच्या फरकाने. मन खूश झालं.

मग त्याच टाक्यांतून समस्थानिकं (म्हणजे हेच जड-हलके अणू) वाहू दिली आणि सगळं कोसळलं. मॉडेलमधला जंगलातला ओढा वसंतपुरात झपाट्याने बर्फाच्या आकड्याकडे घसरतो. मोजलेला ओढा जेमतेम एक-दीड आकडा खाली येऊन परत वर चढतो. प्रवाह बरोबर, पाणी चुकीचं.

दुपारभर कोडमध्ये चूक शोधली. चूक नव्हती. टाक्या लहान आहेत, एवढंच. गोल आकडे घेऊन पाहा. वरच्या टाकीत उणे १३ चं ३० मिलिमीटर पाणी आहे, त्यात उणे १७ चं २० मिलिमीटर आलं, तर मिश्रण उणे १४.६ होतं. पण जमिनीत प्रत्यक्ष पाणी किती? मीटरभर ओली माती, त्यात तिसरा हिस्सा पोकळी, म्हणजे तीनशे-साडेतीनशे मिलिमीटर. त्यात तेच २० मिलिमीटर टाकले तर मिश्रण उणे १३.२. प्रवाहाला याची काही पडलेली नाही. त्याला फक्त टाकीची पातळी किती वर-खाली झाली एवढंच कळतं. तळात न हलणारं पाणी किती आहे हे प्रवाहाच्या नोंदीत लिहिलेलंच नसतं.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला की आधी पाइपातलं तापलेलं पाणी येतं. टाकीतलं गार पाणी मागून. नळ सोडताक्षणी धार सुरू होते, कारण दाब लगेच पोचतो, पण पाणी आपल्या चालीने येतं. डोंगरउताराचंही तेच. वर बर्फ वितळला की ओढा त्याच दिवशी फुगतो. फुगवटा नवा, पाणी जुनं.

६ मार्च

प्रत्येक टाकीला एक 'निष्क्रिय साठा' जोडला. प्रवाहाच्या हिशेबात तो येत नाही, मिसळण्याच्या हिशेबात येतो. जंगलातला ओढा ताळ्यावर आला. दलदलीचा ओढा मात्र आता फार सपाट. मोजलेल्या नोंदीत तो बर्फाकडे जोरात झुकतो आणि माझं मॉडेल त्याला झुकू देत नाही.

कारण जाऊन पाहिल्याशिवाय लक्षात आलं नसतं. हिवाळ्यात दलदलीचा पृष्ठभाग गोठतो. मेमध्ये बर्फ वितळतो तेव्हा खाली अजून बर्फाचा थर टणक असतो, पाणी आत शिरत नाही, वरून निघून जातं. जंगलातली माती बर्फाच्या दुलईखाली पाणी प्यायला मोकळी राहते. म्हणजे दोन ओढ्यांना एकच रचना चालणार नाही. दलदलीला वरून निसटणारी वेगळी वाट द्यायची.

१९ मार्च, स्वार्टबेर्येत (क्रिक्लानमधलं संशोधन ठाणं)

आज बर्फात खड्डा खणला. सकाळी उणे ११ अंश, ऊन लख्ख. इथल्या तंत्रज्ञ बाई गेली कित्येक वर्षं हेच करताहेत. त्यांच्या फावड्याची कड माझ्याहून सरळ येते.

खड्ड्याची भिंत उन्हाला पाठ करून ठेवायची, नाहीतर नमुना घेता घेता वितळू लागते. ७५ सेंटिमीटर खोल. वरचे दहा-बारा सेंटिमीटर पिठासारखे, बोट लावलं की ढासळतात. मग एक पातळ, काचेसारखी कडक पापुद्र्याची रेघ, मागे कधीतरी एक दिवस शून्याच्या वर गेल्याची खूण. मध्ये घट्ट, खडूसारखा पांढरा भाग. आणि तळाशी जाडसर साखर. खरंच साखर: दाणे सुटे, चकचकीत, कडा असलेले, मुठीत घेतले तर गोळा होत नाहीत, बोटांतून गळतात. जमीन उबदार, वरची हवा थंड, म्हणून तळातून वाफ सतत वर सरकते आणि तळाचे दाणे असे वाढतात. वाफ जाताना हलके रेणू आधी नेते, तेव्हा तळाचा डेल्टाही जागचा राहत नाही. बर्फ पडला तेव्हाचा आकडा आणि मार्चमधला आकडा एकच धरणं म्हणजे लोणच्याच्या बरणीला कैरी म्हणणं.

दर दहा सेंटिमीटरला एक नमुना आणि शेजारीच नळी खुपसून पूर्ण उंचीचा एक. पिशव्यांतली हवा दाबून काढायची, तोंड बंद, खोलीच्या तापमानाला बंद पिशवीतच वितळू द्यायचं, मग बाटलीत गळ्यापर्यंत भरायचं, बुडबुडा राहता कामा नये. पिशवी गरम पाण्यात बुडवून घाई करायची नाही. पाणी वाफ झालं की नमुना गेला.

झाडांखाली दुसरा खड्डा. तिथे बर्फ कमी. पडलेल्यातला बराच फांद्यांवर अडकतो, काही तिथूनच हवेत उडून जातो आणि उरलेला जड होऊन खाली येतो. क्रिक्लानचा बहुतेक भाग जंगल आहे, तेव्हा उघड्यावरचा एक आकडा सगळ्या पाणलोटाला लावणं धोक्याचं.

२८ मार्च

सहा नमुने टाकून द्यावे लागले. त्यांचे ऑक्सिजनचे आकडे वाजवी दिसत होते, म्हणून मी ते मॉडेलमध्ये भरूनही टाकले होते. रात्री सहज ड्यूटेरियमसोबत आलेख काढला तर सहाच्या सहा क्रेगच्या रेषेच्या खाली, एका ओळीत.

रेषेवरून घसरणं म्हणजे बाष्पीभवन. पाणी बाटलीतून उडू लागलं की ऑक्सिजन एक आकडा चढतो तेव्हा ड्यूटेरियम आठऐवजी चार-पाचच चढतो. सहाही बाटल्या एकाच खोक्यातल्या, झाकणाच्या आतली चकती उलटी बसवलेली. मीच बसवली होती, हातमोजे घालून, घाईत. तिसऱ्या आठवड्याचा तो खड्डा परत मिळणार नाही. वाईट वाटलं, आणि अजून वाटतं आहे.

यापुढे नियम: एकही आकडा ड्यूटेरियमची सोबत तपासल्याशिवाय मॉडेलमध्ये जाणार नाही. दोन समस्थानिकं मोजतो ती यासाठीच. ओढ्यातलं पाणी ओळखायला एकाने भागलं असतं, पण पहिलं खोटं बोललं तर ते सांगायला दुसरं लागतं.

५ एप्रिल

बर्फाचा भाग पूर्ण नव्याने लिहिला. हा सगळ्या कामाचा कणा आहे, म्हणून सविस्तर.

घरी आपण गुळवणी म्हणतो, तसं वितळून येणाऱ्या पाण्याला मी नोंदीत बर्फवणी लिहिते. बर्फवणी आणि बर्फ एकाच डेल्टाचे नसतात. शून्य अंशाला बर्फ आणि पाणी एकमेकांशी जुळवून घेतात तेव्हा बर्फाकडे जड ऑक्सिजन पाण्यापेक्षा हजारी सुमारे तीनने जास्त राहतो. पाणी दाण्यांच्या फटींतून हळूहळू झिरपताना ही देवघेव अर्धवट होते. त्यामुळे सुरुवातीची बर्फवणी बर्फाच्या सरासरीहून हलकी निघते, मागे राहिलेला बर्फ जड होत जातो आणि शेवटची बर्फवणी सरासरीहून जड येते.

याने काय बिघडतं? समजा भूजल उणे १३, बर्फाची सरासरी उणे १७, ओढा उणे १४. दोन पाण्यांचा साधा मिश्रणाचा हिशेब करा: चार आकड्यांच्या अंतरातला एक आकडा सरकला, म्हणजे ओढ्यात २५ टक्के नवं पाणी. आता सुरुवातीचा आठवडा आहे आणि बर्फवणी खरं म्हणजे उणे १९ आहे असं धरा. तोच ओढा, तीच बाटली, आणि उत्तर येतं १७ टक्के. शेवटचा आठवडा धरा, बर्फवणी उणे १५.५. उत्तर ४० टक्के. सरासरी घेऊन बसलो असतो तर दोन्ही वेळी २५ म्हटलं असतं आणि वसंतपूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा आहे असं लिहून मोकळी झाले असते.

इथल्याच संशोधकांनी २००२ मध्ये हे दाखवून दिलं आणि वितळून निघालेली, पण अजून ओढ्यात न पोचलेली बर्फवणी हिशेबात धरायची रीत घालून दिली. मी तेच मॉडेलच्या आत करते आहे. बर्फ म्हणजे एक टाकी. तिच्यातून निघणारी बर्फवणी टाकीच्या डेल्टापेक्षा थोडी हलकी, आणि किती हलकी हे वितळण्याच्या दिवसांसोबत कमी होत जाणारं. अख्ख्या बर्फाच्या भागासाठी दोनच जास्तीचे पॅरामीटर. एक हा फरक, दुसरा फांद्यांवरून उडून जाणाऱ्या बर्फाने उरलेला किती जड होतो तो.

पहिल्या प्रयत्नात वस्तुमान जुळेना. बर्फवणी हलकी काढत होते पण मागच्या टाकीचा डेल्टा तसाच ठेवत होते, म्हणजे जड ऑक्सिजन हवेत विरत होता. १९० मिलिमीटर बर्फ उणे १७ चा, त्यातून २० मिलिमीटर उणे १९ चे काढले, तर उरलेले १७० मिलिमीटर उणे १६.८ व्हायलाच हवेत. ती एक ओळ टाकली आणि शेवटच्या आठवड्याचा जडपणा आपोआप आला, त्यासाठी वेगळं काहीच करावं लागलं नाही.

२४ एप्रिल, स्वार्टबेर्येत

वितळायला लागलं. दुपारी दोनला जंगलात उभं राहिलं की सगळीकडून टपटप, पायाखालचा बर्फ बसतो तेव्हा 'हुफ्फ' असा श्वास सोडतो. रात्री परत उणे पाच, सगळं मुकं.

लायसिमीटरमधून पहिली बर्फवणी मिळाली. म्हणजे बर्फाखाली ठेवलेलं पसरट ताट, नळीने जमिनीतल्या डब्याला जोडलेलं. डबा अर्धा. रोज दुपारी चारला रिकामा करायचा.

२ मे

परवा वालबोरी झाली, गावागावांत होळीसारखे जाळ पेटले होते. इथे वसंताचं स्वागत आगीने होतं. आम्ही मात्र सकाळी सहापासून ओढ्यावर. वसंतपुरात दर दोन-तीन दिवसांनी नमुना हवाच. मी रोज घेते आहे.

मापन बंधारा एका लहानशा घरात आहे, हिवाळ्यातही गोठू नये म्हणून गरम ठेवलेल्या. आत व्ही आकाराची खाच, पाणी खाचेतून जितक्या उंचीने जाईल त्यावरून प्रवाह. फेब्रुवारीत खाचेच्या टोकाशी बोटभर धार होती. आज आवाजात बोलणं ऐकू येत नाही.

दोन्ही ओढ्यांच्या बाटल्या खिडकीशी शेजारी ठेवल्या. जंगलातल्या ओढ्याचं पाणी कोऱ्या चहासारखं, फेब्रुवारीत होतं त्याहून गडद. दलदलीच्या ओढ्याचं उलट, हिवाळ्यात गडद होतं ते आता फिकं. हे पाहून मी काही वेळ तिथेच उभी राहिले. डेल्टा मोजायच्या आधीच उत्तर डोळ्यांसमोर होतं. तपकिरी रंग पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय कर्बाचा. नुसती बर्फवणी वाहत असती तर दोन्ही ओढे फिके पडले असते. दलदलीचा पडला. जंगलातला गडद झाला, कारण त्याचं पाणी काठालगतच्या काळ्या, पीटसारख्या (अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या) मातीतून पिळून निघतं आहे. भूजल वर चढून पृष्ठभागाजवळच्या त्या सैल थरात शिरतं, आणि त्या थरातून पाणी खालच्या थरांपेक्षा कितीतरी वेगाने सरकतं. पातळी थोडी चढली की प्रवाह खूप वाढतो.

कोकणात यासाठी शब्द आहे. जुलैत आजोळच्या पडवीत जमीन फुटून पाणी वर यायचं, आजी म्हणायची, "उपळ फुटली." आभाळातलं पाणी वर पडतं आणि जमिनीतलं पाणी जमिनीतून वर येतं, हे तिला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. काठावरच्या शेवाळात टाच दाबली आणि खड्ड्यात पाणी भरलं, तेव्हा उपळच म्हणाले मनात.

११ मे

लेझर विश्लेषकावर तीन दिवस. प्रत्येक नमुना सहा वेळा आत जातो, पहिले तीन आकडे टाकून द्यायचे, कारण आधीच्या नमुन्याची ओल आत राहिलेली असते. उणे १९ च्या बर्फवणीनंतर उणे १३ चा ओढा लावला की पहिला आकडा हमखास खाली ओढलेला येतो. म्हणून बर्फाचे सगळे एकत्र, ओढ्याचे सगळे एकत्र. दर काही नमुन्यांनंतर माहीत असलेलं प्रमाण पाणी.

सगळे नमुने रेषेवर. झाकणं नीट बसली होती.

१७ मे

गोव्याहून वर्गमित्राचा फोन. तो हिमालयात चंद्रा खोऱ्यातल्या नमुन्यांवर काम करतो. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये तिथे सुत्री ढाका हिमनदीजवळ 'हिमांश' ठाणं सुरू केलं, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून वर. त्याला माझी बर्फाची टाकी हवी आहे.

दिली, पण इशाऱ्यासकट. माझ्याकडे दोन पाणी आहेत, त्याच्याकडे निदान चार: यंदाचा बर्फ, हिमनदीचा जुना बर्फ, पाऊस आणि भूजल. यंदाचा बर्फ आणि हिमनदी यांचे डेल्टा एकमेकांवर चढतात, आणि उंचीप्रमाणे बर्फाचा डेल्टाही बदलतो. दोन समस्थानिकं एकाच रेषेवर चालतात म्हणून त्यांना दोन वेगळे साक्षीदार धरता येत नाही. त्याला विद्युतवाहकता किंवा दुसरं काहीतरी सोबत मोजावंच लागेल. क्रिक्लानसारखी सोपी, सपाट, शेकडो बाटल्यांची जागा मिळणं हे माझं भाग्य आहे, हे त्याच्याशी बोलताना जाणवलं. हिमालयातल्या ओढ्यांवर माणसं जगतात, आणि तिथे बाटल्या कमी आहेत.

३ जून

मोठी फेरी झाली. पॅरामीटरचे दहा हजार संच यादृच्छिक निवडून चालवले. निव्वळ प्रवाह पाहिला तर शेकडो संच सारखेच चांगले. त्यांत काही अगदी विरुद्ध गोष्टी सांगणारे: एकात जंगलातला ओढा मुख्यतः बर्फवणी, दुसऱ्यात मुख्यतः जुनं पाणी, आणि दोघांचे प्रवाहाचे आलेख एकमेकांवर ठेवले तर फरक ओळखू येत नाही.

मग ओढ्याच्या डेल्टाची अट घातली. उरले मूठभर. या मुठीत जंगलाचा निष्क्रिय साठा ठळकपणे मोठा आहे आणि दलदलीची वरची वाट उघडी आहे. वितळण्याचा गुणांक जवळपास हललाच नाही, कारण तो प्रवाहानेच आधी पक्का केला होता. जंगलात वसंतपुराचं पाणी बहुतांश जुनं, दलदलीत नव्याचा वाटा कितीतरी मोठा. इथे वर्षानुवर्षं मोजणाऱ्यांनी हेच सांगितलं आहे. १९७० मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या डोंगरात डिंचर, मार्टिनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वितळत्या बर्फाच्या ओढ्यात ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी समस्थानिक) आणि ऑक्सिजन-१८ मोजून पाण्याचा मोठा भाग जमिनीतून येतो असं दाखवलं, १९८७ मध्ये उप्साला इथे अॅलन रोदे यांनी स्वीडनच्या ओढ्यांसाठी तसंच. मी नवं काही शोधलं नाही. माझं मॉडेल आता त्यांच्याशी भांडत नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

याची गरज काय, असं काल एका पाहुण्याने विचारलं. प्रवाह बरोबर येतो ना, मग? त्याला आम्लपर्जन्याचे दिवस सांगितले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वसंतपुरात इथले ओढे अचानक आम्लधर्मी व्हायचे, मासे मरायचे, आणि सरकार तळ्यांत-ओढ्यांत चुना ओतत होतं. आम्ल हवेतून बर्फात पडून आलेलं की काठाच्या मातीतल्या सेंद्रिय आम्लांचं, यावर चुना कुठे ओतायचा हे ठरतं. पाणी किती, एवढं कळून त्याचं उत्तर मिळत नाही. कुठलं पाणी, हे कळावं लागतं. उद्या हिवाळे आखडले, जानेवारीतच पाऊस पडू लागला, तर माती गोठलेली असेल की मोकळी, आणि पाणी कुठून जाईल, हेही त्याच प्रश्नात आलं.

१२ जून

एक गोष्ट अजून बसत नाही. वितळण्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत मॉडेलचा जंगलातला ओढा मोजलेल्यापेक्षा हलका येतो. साठा वाढवून पाहिला, तर शेवटचा आठवडा बिघडतो. बर्फवणीचा फरक कमी केला, तर लायसिमीटरशी जुळत नाही. लायसिमीटरवर माझा विश्वास आहे, पण ते उघड्यावर आहे. झाडांखालची बर्फवणी मी मोजलेलीच नाही, १९ मार्चचा तो एक खड्डा सोडून, आणि फांद्यांवरून येणारा बर्फ जड असतो हे मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. शिवाय सुरुवातीला झाडांच्या बुंध्यांभोवती बर्फ आधी वितळतो, तिथे काळी वर्तुळं पडतात. पहिलं पाणी बहुधा तिथलंच.

तंत्रज्ञ बाईंना विचारलं. पुढच्या हिवाळ्यासाठी तीन ताटं झाडांखाली बसवता येतील म्हणाल्या: एक पाइनखाली, एक स्प्रूसखाली, एक बुंध्याला लागून. जमीन मोकळी आहे तोवर, सप्टेंबरच्या आत खणायला हवं. नळ्यांची लांबी उद्या मोजायची. बाटल्या चोवीस, झाकणाची चकती आत चिकटवलेली मिळते ती मागवायची.